हाताला काम असलेली नवी पुस्तके

नवे काही चांगले वाचायला सुचवा, अशी मागणी ओळखीच्या माणसांकडून वारंवार होते. विचारणाऱ्याला कादंबरी हवी आहे की वैचारिक पुस्तक, हे त्याचे त्यालाही पुष्कळदा ठरवता आलेले नसते. पुस्तकांच्या दुकानात शिरल्यावर दर्शनी मेजावर जे मांडलेले असते ते त्याने पाहिलेले असते: यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारे अनुवाद, शिवकाळावरच्या जाडजूड कादंबऱ्या आणि गाजलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या मराठी आवृत्त्या. ही पुस्तके खपतात, त्यांच्यामुळे दुकाने चालतात आणि त्यांतली काही खरोखर चांगलीही असतात. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत मराठीत जे मोलाचे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग त्या मेजावर क्वचितच येतो. म्हणून माझ्या वाचनातली काही पुस्तके, ती का वाचावीत याच्या कारणांसह, येथे सविस्तर मांडतो आहे.

निवड करताना मी एकच कसोटी लावली आहे. लेखकाला आपल्या माणसांचे काम माहीत आहे का? माणूस सकाळी उठून काय करतो, त्याच्या हातात कोणते हत्यार असते, त्या कामाचे पैसे केव्हा मिळतात, ते काम हातचे गेले तर त्याच्या घरात आधी काय बंद होते, हे ज्या लेखकाला ठाऊक आहे त्याच्या पुस्तकातली दुःखेही खरी वाटतात. आपल्याकडच्या पुष्कळ कादंबऱ्यांतली माणसे बोलतात, आठवतात, तळमळतात, पण पोटासाठी ती नेमके काय करतात याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. अलीकडच्या चांगल्या मराठी लेखनाने ही उणीव भरून काढली आहे, असे माझे मत आहे, आणि त्याच मताच्या आधाराने ही यादी उभी आहे. ‘नवे’ हा शब्द मी थोडा सैल धरला आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजारेक प्रतींची असते, अलीकडे तर त्याहूनही कमी, आणि ते पुस्तक तालुक्याच्या ग्रंथालयात पोहोचेपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वीचे पुस्तकही बहुतेक वाचकांसाठी नवेच असते.

सुरुवात देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’पासून करावी. सौदागर तुळजापूरचे आणि स्वतः शिवणकाम करत आलेले. या लहानशा कादंबरीला २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा एका शिंप्याला पुरस्कार मिळाला, अशाच बातम्या अधिक झाल्या, आणि पुस्तकात काय आहे याची चर्चा मागे पडली. छोट्या गावातल्या शिंप्याचा धंदा तयार कपड्यांच्या बाजारापुढे कसा टिकेनासा होतो, ही तिची कथावस्तू. एका ओळीत सांगितली तर ती वर्तमानपत्रातल्या लेखासारखी वाटते. परंतु शिवणकामाचे अर्थकारण ज्याने जवळून पाहिले आहे त्यालाच कळते की हा धंदा एका दिवसात बुडत नाही. आधी पँट-शर्ट शिवायला येणारे तरुण येईनासे होतात, मग लग्नसराईचे बस्ते आटतात, मग शाळेचे गणवेश ठेकेदाराकडे जातात, आणि शेवटी दुकानात उरते ती केवळ दुरुस्ती: फाटलेले रफू करणे, चेन बदलणे, दुकानातून आणलेल्या पँटची उंची कमी करणे. ज्या कापडाला आपण माप घेऊन आकार दिला नाही त्याला टीप मारून देण्याची वेळ ज्या कारागिरावर येते, त्याचा अपमान पैशांच्या तोट्याहून मोठा असतो. ‘उसवण’ हा अपमान समजून घेते आणि त्यासाठी कोठेही आवाज चढवत नाही. मराठीत शेतकऱ्याच्या कोंडीवर विपुल लिहिले गेले आहे. गावातल्या कारागिराची कोंडी मात्र बलुतेदारीच्या इतिहासापुरतीच राहिली होती. बाजारपेठेत दुकान मांडून बसलेला, ना शेतकरी ना नोकरदार, असा जो मोठा वर्ग तालुक्याच्या गावांतून राहतो, त्याला या कादंबरीने नायकपण दिले. पुस्तक एका बैठकीत वाचून होते. ज्याचे वाचन बरीच वर्षे सुटले आहे त्याला मी हेच आधी देतो.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खोत पन्हाळा तालुक्यातले, आणि ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’, ‘धूळमाती’ या आधीच्या कादंबऱ्यांतून त्यांनी तो डोंगराळ, पावसाळी मुलूख पुन्हा पुन्हा लिहिला आहे. ‘रिंगाण’मध्ये धरणामुळे उठलेले गाव आहे, आणि त्या उठलेल्या गावात मागे राहून गेलेली एक म्हैस आहे. देवाप्पा नावाचा विस्थापित माणूस तिला आणायला पुन्हा त्या ओसाड मुलखात जातो. दरम्यान म्हैस माणसांना विसरलेली असते. जंगलाने तिला आपलेसे केलेले असते. एवढ्याच घटनेभोवती कादंबरी फिरते, आणि तेवढ्यातच ती विस्थापनाविषयी जे सांगते ते आकडेवारीच्या अहवालांना सांगता येत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात कोयनेपासून चांदोलीपर्यंत धरणांसाठी आणि पुढे अभयारण्यांसाठी गावेच्या गावे हलली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६चा, म्हणजे कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेला. या विषयावर आंदोलने झाली, मोर्चे निघाले, पुस्तिका निघाल्या. खोत यांनी ते सगळे गृहीत धरून एक वेगळाच प्रश्न विचारला आहे: माणसाला भरपाई म्हणून जमीन देता येईल, पण ज्या जनावरांसह, ज्या झाडांसह आणि ज्या वाटांसह तो माणूस होता, त्यांचे काय? देवाप्पा आणि म्हैस एकमेकांसमोर येतात तेव्हा कोण पाळलेले आणि कोण रानटी, हे सांगणे अवघड होऊन बसते. जनावर राखण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या पानांतला प्रत्येक बारकावा पटेल: जनावराच्या कानांची हालचाल, त्याच्या श्वासावरून ओळखू येणारा राग, त्याच्या डोळ्याला डोळा न देता जवळ जाण्याची रीत. अलीकडच्या भारतीय कादंबऱ्यांत माणूस आणि जनावर यांच्या नात्यावर इतक्या धीराने लिहिलेले फार थोडे असेल.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती मला अनेक वाचकांनी सांगितली आहे. ‘रिंगाण’ची भाषा कोल्हापूर-पन्हाळ्याकडची बोली आहे, आणि ती केवळ संवादांपुरती नाही, निवेदनातही आहे. पुण्या-मुंबईत वाढलेला वाचक पहिल्या वीस पानांत अडखळतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो. त्याला माझी विनंती अशी की ती वीस पाने मोठ्याने वाचावीत. डोळ्यांना जी वाक्ये अनोळखी वाटतात ती कानाला ओळखीची निघतात, कारण बोलीतल्या वाक्याचा तोल बोलण्यातच असतो. एकदा तो तोल सापडला की शब्दकोशाची गरज उरत नाही. प्रमाणभाषेत लिहिलेली ‘रिंगाण’ मला कल्पनेतही आणता येत नाही.

कोल्हापूर परिसरातलेच किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह २०२१च्या अकादमी पुरस्काराचा मानकरी. खेड्यातून शिक्षणासाठी शहरात आलेल्या मुलाचे संकोच, त्याची खोली, त्याचे खाणावळीचे हिशेब, हे सारे गुरव यांनी अत्यंत प्रेमाने लिहिले आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२२मध्ये, सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीला हाच पुरस्कार मिळाला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. बांदेकर यांनी बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेऊन आजच्या काळातल्या सूत्रधारांविषयी लिहिले आहे. ही कादंबरी सोपी नाही. ती सलग कथा शोधणाऱ्या वाचकाला दाद देत नाही. पण आपल्या आजूबाजूला लोक बोलताना का बिचकू लागले आहेत, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने ती चिकाटीने वाचावी.

आता ललितेतर लेखनाकडे येतो. गेल्या काही वर्षांत सर्वाधिक हातांतून फिरलेले आत्मकथन म्हणजे शरद बाविस्कर यांचे ‘भुरा’. लोकवाङ्मय गृहाने ते २०२१मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातला, घरी अहिराणी बोलणारा, दहावीला इंग्रजीतच नापास झालेला मुलगा पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचचा प्राध्यापक होतो, अशी ही कहाणी आहे. एवढे ऐकून कोणालाही वाटेल की हे जिद्दीचे आणि यशाचे पुस्तक असणार. ते तसे नाही, आणि म्हणूनच त्याला मी येथे जागा दिली. आपण नापास कसे झालो, याचे उत्तर बाविस्कर स्वतःच्या आळसात शोधत नाहीत आणि नशिबावरही ढकलत नाहीत. शाळा नावाची व्यवस्था कोणत्या घरातल्या मुलांसाठी रचलेली आहे, हे ते एकेक प्रसंगातून दाखवत जातात. अंगमेहनतीच्या कामांचे त्यांचे वर्णन विशेष मोलाचे आहे. मजुरी करणाऱ्या मुलाला अभ्यासाला वेळ नसतो एवढेच आपण सहसा म्हणतो. बाविस्कर त्यापुढे जाऊन सांगतात की थकलेले शरीर विचार कसा करते, आणि त्यातूनही विचार करण्याची भूक कशी टिकते. त्यांची आई या पुस्तकाचा कणा आहे. तिच्या तोंडची अहिराणी वाक्ये आणि नंतरच्या प्रकरणांतले युरोपीय तत्त्वज्ञ यांच्यामध्ये लेखकाने उच्च-नीच अशी पायरी ठेवलेली नाही. उत्तरार्धात तत्त्वज्ञांची नावे जरा भराभर येतात आणि तेथे माझी गती मंदावली, हे खरे. पण ज्यांच्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे आणि निकालाच्या भीतीने घर आखडले आहे, त्या आईवडिलांनी हे पुस्तक मुलाच्या आधी स्वतः वाचावे.

याच्या शेजारी मी नंदा खरे यांची ‘उद्या’ ठेवतो. ती दशकाभरापूर्वीची, तरीही आजच्या यादीत ती हवीच. खरे हे स्थापत्य अभियंते. बांधकामाच्या व्यवसायात आयुष्याचा मोठा काळ घालवलेले, नागपूरहून निघणाऱ्या ‘आजचा सुधारक’ या मासिकाच्या संपादनात रमलेले. ‘उद्या’ला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला, समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे आणि काही वर्षांपासून आपण पुरस्कार स्वीकारत नाही, अशी त्यांची भूमिका होती. २०२२मध्ये ते गेले. कादंबरी जवळच्या भविष्यकाळात घडते. माणसांच्या हालचालींची, खरेदीची, बोलण्याची नोंद ठेवली जाते, त्या नोंदींचा व्यापार होतो, मुलींची संख्या घटलेली असते, आणि बळ असलेल्यांच्या हाती आणखी बळ साचत जाते. देशातले पहिले आधार कार्ड २०१०मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. २०१६पासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली आणि भाजीवाल्यापर्यंत पोहोचली. खरे यांनी कादंबरी लिहिली तेव्हा या सगळ्याची जेमतेम सुरुवात होती. तिच्यातले भाकीत किती खरे ठरले याची मोजदाद करण्यापेक्षा मला त्यांची रीत महत्त्वाची वाटते: एखादी यंत्रणा कशी चालते, तिच्यात कोण काम करतो, त्याला काय मोबदला मिळतो आणि त्या मोबदल्यासाठी तो कशाकडे डोळेझाक करतो, हे अभियंत्याच्या नजरेने तपासत जाणे. माहितीचा भार काही ठिकाणी जड होतो. तो सोसावा, मराठीत तंत्रज्ञानावर इतक्या जबाबदारीने लिहिलेली दुसरी कादंबरी मला माहीत नाही. ज्याला खरे यांची कल्पित नसलेली बाजू पाहायची असेल त्याने त्यांची ‘कहाणी मानवप्राण्याची’ घ्यावी.

ऐतिहासिक कादंबरी हा मराठी वाचकाचा सर्वांत आवडता प्रांत आहे, आणि त्याविषयी काही न बोलता पुढे जाणे योग्य होणार नाही. विश्वास पाटील यांची शिवचरित्रावरची ‘महासम्राट’ ही मालिका अलीकडे जोरात वाचली जाते, आणि लढाया, गड, मोहिमा यांची ज्यांना ओढ आहे त्यांची ती निराशा करणार नाही. मला मात्र या प्रांतात नव्याने शिरणाऱ्या वाचकाच्या हातात रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ द्यावीशी वाटते. २०१९मध्ये शब्दालय प्रकाशनाने काढलेली ही कादंबरी आठशे पानांच्या आसपास आहे आणि एका कुळाच्या आधाराने ती सुमारे सात शतकांचा पट उलगडते. पठारे संगमनेरला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ‘ताम्रपट’साठी त्यांना १९९९मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. ‘सातपाटील’मध्ये राजे दूर आहेत. जवळ आहेत ती जमीन कसणारी, प्रसंगी तलवार हाती घेणारी, कर्ज काढणारी, परजातीत आणि परधर्मात नाती जोडणारी माणसे. वतन म्हणजे काय, पाटीलकी कशी मिळते आणि कशी जाते, एका दुष्काळाने घराण्याची दिशा कशी बदलते, हे या पुस्तकात जितके कळते तितके इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून मला कधीही कळले नव्हते. आपल्या घराण्याचे मूळ शुद्ध आणि एकसंध असते या समजाला लेखकाने पानोपानी छेद दिला आहे. त्यातले सगळे भाग सारख्या ताकदीचे नाहीत. पहिली दीडशे पाने वाचून मन रमले नाही, तर मधला एखादा पुरुष निवडून तेथून वाचायला सुरुवात केली तरी चालते.

मनावर काम करणाऱ्यांचेही एक कसब असते, आणि त्या कसबाचा इतिहास रवि आमले यांनी ‘प्रोपगंडा’ या पुस्तकात सांगितला आहे. आमले पत्रकार, ‘रॉ’ या भारतीय गुप्तचर संस्थेवरच्या त्यांच्या पुस्तकामुळे अनेकांना परिचित. ‘प्रोपगंडा’ मनोविकास प्रकाशनाचे आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने युद्धप्रचारासाठी १९१७मध्ये स्थापन केलेली क्रील समिती, त्या काळात चित्रपटगृहांतून चार मिनिटांची भाषणे देत फिरणारे हजारो स्वयंसेवक, सिग्मंड फ्रॉइडचा भाचा आणि जनसंपर्काच्या धंद्याचा एक प्रवर्तक एडवर्ड बर्नेज, त्याने १९२९मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत स्त्रियांना सिगारेट ओढायला लावून घडवलेली ती प्रसिद्ध बातमी, आणि मग हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स: हा सगळा वारसा समजून घेतला की आपल्या मोबाइलवर सकाळपासून येऊन पडणाऱ्या संदेशांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. या विषयावर इंग्रजीत ग्रंथसंभार आहे. मराठीत तो विषय जाणकाराच्या शैलीत, तरीही सामान्य वाचकाला कळेल अशा गद्यात आणणे हे मोठे काम होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाला एकच ललितेतर पुस्तक भेट द्यायचे असेल तर मी हे देईन.

याच्या नेमके विरुद्ध, कोणीही घडवून न आणलेले, स्वतःहून उमटलेले शब्द कसे असतात, ते ताराबाई भवाळकरांच्या ‘सीतायन’मध्ये दिसते. सांगलीच्या ताराबाई लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीत भरलेल्या ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. मराठी स्त्रियांनी जात्यावर दळताना सीतेविषयी ज्या ओव्या गायिल्या, ज्या कथा एकमेकींना सांगितल्या, त्यांत रामाच्या राज्याचे वैभव फारसे नाही. सीतेचे बाळंतपण आहे, तिचा वनवास आहे, तिला सासर-माहेर दोन्हीकडे न उरलेली जागा आहे. दळण हे काम पहाटेचे, एकटीचे, अंगातली शक्ती शोषून घेणारे. त्या कामाच्या लयीत बाईने सीतेला आपली सखी केले आणि जे उघड बोलता येत नव्हते ते तिच्या नावाने बोलून घेतले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यावरून या भांडाराचा विस्तार लक्षात यावा. गावोगावी गिरण्या आल्या आणि जाती थांबली. ओवीला जन्म देणारे कामच संपले. म्हणून ताराबाईंनी केलेली ही मांडणी आज फार महत्त्वाची आहे. त्यांचे गद्य विद्वत्तेचा बाऊ करत नाही. आजी-नातीने मिळून वाचावे, असे हे पुस्तक आहे, आणि आजीला त्यात दोन ओव्या जास्तीच्या सुचतील, याची मला खात्री आहे.

समीक्षेची पुस्तके सामान्य वाचक हाती धरत नाही. तरी सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या ग्रंथाला २०२४चा अकादमी पुरस्कार मिळाला आहे, तेव्हा त्याचा उल्लेख करतो. विंदा करंदीकर कवी म्हणून सर्वांना ठाऊक. ‘स्पर्शाची पालवी’ आणि ‘आकाशाचा अर्थ’ या लघुनिबंधसंग्रहांचे विंदा मात्र पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्यापुरते उरले आहेत. रसाळ सरांचा ग्रंथ वाचण्याआधी विंदांचे हे दोन संग्रह ग्रंथालयातून आणावेत, मग ग्रंथाचा खरा लाभ होतो.

अनुवादांपैकी एकच सांगतो. तमिळ लेखिका सलमा यांच्या २००४ मधल्या कादंबरीचा सोनाली नवांगुळ यांनी ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या नावाने अनुवाद केला. कविता महाजन यांच्या संपादनाखाली मनोविकासने भारतीय लेखिकांच्या पुस्तकांची जी माला सुरू केली, त्यातले हे पुस्तक. त्याला २०२०चा अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सलमा या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातल्या तुवरंकुरिच्चीच्या. वयात आल्यावर त्यांची शाळा थांबवण्यात आली, लग्नानंतर त्या घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या, आणि पुढे त्याच गावच्या पंचायतीच्या अध्यक्ष झाल्या. कादंबरीत राबिया नावाची एक लहान मुलगी आहे आणि तिच्याभोवती एका मुस्लीम वस्तीतल्या कितीतरी स्त्रिया. पुरुष परदेशी व्यापारात किंवा दुकानात. घराच्या आत बायकांचे जग, त्यांचा स्वयंपाक, त्यांची आजारपणे, त्यांची थट्टा, त्यांच्यातले मत्सर आणि त्यांनी एकमेकींना दिलेला आधार. वरवर पाहता येथे फारसे काही घडत नाही, पण घर चालवण्याच्या कामाला कादंबरीचा विषय होण्याइतके वजन आहे, हे सलमा सिद्ध करतात. सोनालीताईंचे मराठी इतके सहज आहे की नावे तमिळ असूनही माणसे शेजारच्या गल्लीतली वाटतात. पात्रांची संख्या बरीच आहे. आरंभी कोण कोणाची कोण, याची एक चिठ्ठी करून पुस्तकात ठेवली तर वाचन सुकर होते.

ही पुस्तके मिळवण्याविषयी थोडे सांगतो, कारण वाचायची इच्छा असूनही पुष्कळांचे घोडे तेथेच अडते. लहान प्रकाशकांची पुस्तके गावातल्या दुकानात नसतील, तर प्रकाशकाला थेट फोन करावा. मराठीतले बहुतेक प्रकाशक पुस्तके टपालाने पाठवतात आणि अनेकदा सवलतही देतात. परदेशात राहणाऱ्यांसाठी मराठी पुस्तकांची संकेतस्थळे आहेत आणि काही पुस्तकांच्या ई-आवृत्त्या किंवा श्राव्य आवृत्त्याही उपलब्ध असतात, मात्र बोलीतली कादंबरी ऐकण्यापूर्वी तिचे वाचन त्या मुलखातल्या माणसाने केले आहे ना, हे पाहून घ्यावे. आणि ग्रंथालयाला विसरू नये. १९६७च्या कायद्यानुसार शासनाचे अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रभर आहेत, तेथे वाचकाने लेखी मागणी केली तर पुढच्या खरेदीत ते पुस्तक घेतले जाण्याची शक्यता बरीच वाढते. एका वाचकाच्या चिठ्ठीने कपाटात आलेले पुस्तक पुढची वीस वर्षे इतरांच्या हाती लागते. ज्यांना पूर्ण पुस्तक विकत घेण्याआधी लेखकाची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी दिवाळी अंक चाळावेत; आजच्या बहुतेक कथाकारांची कथा आधी तेथेच छापली जाते.

क्रम विचारलात तर ‘उसवण’, मग ‘भुरा’, मग ‘रिंगाण’ असा लावावा. ‘सातपाटील’ मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवावी, कारण ती तुकड्यातुकड्याने वाचली तर पिढ्यांचा धागा हातून निसटतो. माझ्या स्वतःच्या यादीत आता प्रदीप कोकरे यांची ‘खोल खोल दुष्काळ डोळे’ ही कादंबरी आहे. तिला २०२५चा युवा पुरस्कार मिळाला आहे. ज्यांनी ती वाचली असेल त्यांनी आपले मत मला कळवावे, विशेषतः तिच्यातली माणसे काय काम करतात आणि लेखकाने ते काम कितपत आतून लिहिले आहे, याविषयी.